सिलिकायुक्त इम्प्लांट आणि किडनी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाडातली पोकळी भरायला वापरलेली काच, दाताच्या मुळातलं सिमेंट, छातीतलं सिलिकोन, यांबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सिलिका, सिलिकॉन आणि सिलिकोन एकच ना?

नाही, आणि निम्मी भीती या गोंधळातून येते. मराठीत तिन्हींना सर्रास ‘सिलिकॉन’ म्हटलं जातं, म्हणून आधी शब्द ठरवून घेऊ. सिलिकॉन हे मूलद्रव्य. सिलिका म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचं संयुग. वाळू, गारगोटी आणि काच यांचा तो मुख्य घटक. सिलिकोन हा रबरासारखा किंवा जेलसारखा माणसाने बनवलेला पदार्थ. त्याच्या साखळीत सिलिकॉन-ऑक्सिजन असले तरी तो वाळूसारखा वागत नाही आणि पाण्यात विरघळत नाही.

सिलिकेचेही दोन प्रकार आहेत. गारगोटीत अणू ठरावीक रांगेत बसलेले असतात, ती स्फटिकी सिलिका. काचेत ते विस्कळीत असतात, ती अस्फटिकी. शरीराच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे (प्रश्न ५).

२. माझ्या शरीरातल्या इम्प्लांटमध्ये सिलिका आहे की नाही, हे कसं ओळखू?

गुडघा किंवा खुब्याचा नेहमीचा सांधा, टायटॅनियमचे स्क्रू, दाताचा टायटॅनियम इम्प्लांट आणि हृदयातला स्टेंट यांत सिलिका नसते. सांधा चिकटवायचं नेहमीचं बोन सिमेंट ॲक्रिलिकचं असतं. एक्स-रेत दिसावं म्हणून त्यात बेरियम सल्फेट किंवा झिर्कोनियम ऑक्साइड घालतात.

सिलिका असते ती मुख्यतः बायोॲक्टिव्ह ग्लासमध्ये, म्हणजे हाडाला धरणाऱ्या काचेमध्ये. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांनी १९६९ साली ४५एस५ ही काच तयार केली. वजनाने ४५ टक्के सिलिका, २४.५ टक्के सोडियम ऑक्साइड, २४.५ टक्के कॅल्शियम ऑक्साइड आणि ६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड. १९८५ साली मधल्या कानातल्या हाडाच्या जागी बसवण्यासाठी तिला अमेरिकेत मंजुरी मिळाली, पुढे हिरड्यांभोवतालचं झिजलेलं हाड आणि हाडातल्या पोकळ्या भरायला ती आली. फिनलंडमधली एस५३पी४ ही तिची बहीण. तिच्यात सिलिका ५३ टक्के. हाडातल्या जुनाट जंतुसंसर्गात ती विशेष वापरली जाते.

याशिवाय दंतवैद्यकातली कॅल्शियम सिलिकेट सिमेंट (प्रश्न १२), अगदी थोडं सिलिकॉन मिसळलेलं हायड्रॉक्सिॲपेटाइट (हाडातल्या खनिजासारखं कॅल्शियम-फॉस्फेट) आणि लिथियम डायसिलिकेटच्या दाताच्या कॅप. कॅपमधलं लिथियम काच-सिरॅमिकमध्ये घट्ट अडकलेलं असतं. लिथियमच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या किडनीला जो त्रास होतो, त्याचा कॅपशी संबंध जोडू नका.

३. काच शरीरात विरघळते म्हणतात. मग ती किडनीत जाऊन साठत नाही का?

काच तुकड्या-तुकड्याने वाहून किडनीत जात नाही. आधी तिच्या पृष्ठभागावरचं सोडियम बाहेर पडतं आणि त्याच्या जागी पाण्यातले हायड्रोजन आयन येतात. आजूबाजूचा द्रव अल्कली होतो, सिलिकेची जाळी सुटत जाते आणि पृष्ठभागावर सिलिकेचा जेलसारखा थर बनतो. त्या थरावर कॅल्शियम-फॉस्फेट बसून हाडातल्या खनिजासारखा पापुद्रा तयार होतो; नवं हाड त्यालाच धरतं.

या प्रक्रियेत सुटणारं सिलिकॉन रक्तात येतं ते सिलिसिक आम्लाच्या रूपात. हा इतका लहान, विद्युतभार नसलेला रेणू आहे की किडनीच्या गाळणीतून तो सहज पार होतो. आपण खातो त्या ज्वारी, तांदूळ, भाज्यांतलं सिलिकॉनही याच रूपात शोषलं जाऊन काही तासांत लघवीवाटे जातं. किडनीसाठी हा रोजचा पाहुणा आहे.

हे प्राण्यांत मोजूनही पाहिलं आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सशांच्या हाडात ४५एस५चे दाणे ठेवून कित्येक आठवडे लघवीतलं सिलिकॉन मोजलं. ते विरघळलेल्या रूपात, साका बसण्याच्या पातळीच्या बरंच खाली राहून बाहेर पडत होतं आणि किडनी, यकृत, मेंदू यांत जादा सिलिकॉन साठलेलं आढळलं नाही.

४. पण प्रमाण किती? आकड्यांत सांगा.

समजा हाडाच्या पोकळीत १० ग्रॅम ४५एस५ भरली. हिरडीच्या उपचारात यापेक्षा खूपच कमी लागते, मोठ्या ऑर्थोपेडिक पोकळीत जास्तही लागू शकते. या १० ग्रॅममध्ये शुद्ध सिलिकॉन साधारण २.१ ग्रॅम, सोडियम १.८ ग्रॅम, कॅल्शियम १.७५ ग्रॅम आणि फॉस्फरस पाव ग्रॅमच्या थोडा वर.

सगळी काच सहा महिन्यांत विरघळली असं धरू. प्रत्यक्षात बहुतेकदा जास्त वेळ लागतो. एस५३पी४चे दाणे तर काही वर्षांनीही एक्स-रेत दिसतात. तरी या हिशेबाने रोज सुमारे १२ मिलिग्रॅम सिलिकॉन, १० मिलिग्रॅम सोडियम, १० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि दीड मिलिग्रॅम फॉस्फरस सुटेल. पाश्चात्य आहारात रोज २० ते ५० मिलिग्रॅम सिलिकॉन पोटात जातं. धान्य-भाज्यांवर भर असलेल्या आपल्याकडच्या आहारात त्याहून जास्त. अर्थात खाल्लेलं सगळं शोषलं जात नाही, साधारण निम्म्याहून कमीच रक्तात येतं. इम्प्लांटमधलं मात्र सगळं रक्तातच उतरतं. म्हणून तुलना अशी करावी: १० ग्रॅम काचेमुळे लघवीतलं सिलिकॉन काही महिने सुमारे दुप्पट होऊ शकतं. निरोगी किडनीला हे जड नाही.

सोडियमचा आकडा मात्र फसवा आहे. ते सहा महिन्यांत समान वाटलं जात नाही, पहिल्या काही दिवसांत-आठवड्यांत वेगाने सुटतं. तरीही एकूण १.८ ग्रॅम सोडियम म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास मीठ. काही जणांच्या ताटात एका दिवसात याहून जास्त मीठ जातं.

५. खडी क्रशरवर काम करणाऱ्यांना सिलिकामुळे फुफ्फुसाचा आणि किडनीचाही आजार होतो. मग तीच सिलिका शरीरात का घालायची?

ती ‘तीच’ नाही. दगडखाणी, खडी क्रशर, खंबातचं अकीक घासण्याचं काम, मंदसौरच्या पाटीच्या पेन्सिली इथे श्वासातून जाते ती स्फटिकी सिलिका, अतिशय बारीक कणांच्या रूपात. फुफ्फुसातल्या पेशी ते कण गिळतात, पचवू शकत नाहीत, मरतात आणि तेच कण पुढची पेशी गिळते. वर्षानुवर्षं चालणाऱ्या या दाहातून सिलिकोसिस होतो आणि रोगप्रतिकार यंत्रणा बिथरते. अशा कामगारांत दीर्घकालीन किडनीविकार आणि रक्तवाहिन्यांच्या दाहातून होणारा किडनीचा आजार जास्त आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने श्वासातून जाणाऱ्या स्फटिकी सिलिकेला पहिल्या, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्या गटात ठेवलं आहे. अस्फटिकी सिलिका तिसऱ्या, म्हणजे वर्गीकरण करता न येणाऱ्या गटात आहे.

इम्प्लांटची काच अस्फटिकी असते, श्वासातून जात नाही आणि तिचे दाणे पेशीने गिळण्याच्या मानाने खूप मोठे असतात. ती भट्टीत तापवून घट्ट केली तर तिच्यात स्फटिक येऊ शकतात, पण ते सोडियम-कॅल्शियम सिलिकेटचे, गारगोटीचे नव्हेत.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. दाताच्या कॅप बनवणाऱ्या लॅबमध्ये साचे फोडणारे, वाळूचा फवारा मारणारे आणि कॅप घासणारे तंत्रज्ञ ही धूळ खरोखर श्वासात घेतात. रुग्णाला नसलेला धोका त्यांना आहे. धूळ ओढणारं यंत्र, ओलं घासणं आणि कणरोधक मास्क, तिन्ही हवेत. साधा कापडी रुमाल बांधून भागत नाही.

६. यामुळे मुतखडा होईल का?

सिलिकेचे खडे माणसात दुर्मिळ आहेत. गवतातून भरपूर सिलिका खाणाऱ्या मेंढ्या आणि गुरांत ते नेहमी दिसतात. माणसातली नोंदवलेली बरीच उदाहरणं वर्षानुवर्षं मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट असलेली ॲसिडिटीची औषधं घेणाऱ्यांची आहेत. तिथे रोज, थेट पोटातून, ग्रॅमच्या हिशेबात सिलिकेट जातं.

इम्प्लांटमधून सुटणारं प्रमाण त्या मानाने फार कमी. साध्या पाण्यात सिलिसिक आम्ल लिटरला साधारण ५० मिलिग्रॅम सिलिकॉनपर्यंत विरघळून राहतं. प्रश्न ४ मधला हिशेब धरला आणि लघवी दिवसाला दीड लिटर असली, तर आहार आणि इम्प्लांट मिळूनही ही पातळी गाठली जात नाही. लघवी अर्ध्या लिटरवर आली तर हा आकडा तिप्पट होतो. म्हणून मोठं बोन ग्राफ्ट (हाडाच्या पोकळीत भरण) झाल्यावर पहिले काही महिने दोन लिटरच्या आसपास लघवी होईल इतकं पाणी प्यावं आणि ट्रायसिलिकेटवाली औषधं टाळावीत. ज्यांना पाण्यावर मर्यादा सांगितली आहे त्यांनी हे लागू करू नये (प्रश्न ७).

आपल्याकडे बेसाल्टच्या खडकातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात विरघळलेली सिलिका असतेच. त्यासाठी वेगळं काही करण्याची गरज नाही.

७. माझं क्रिएटिनिन आधीच २ आहे. मला ही काच चालेल का?

सरसकट ‘नाही’ म्हणायचं कारण नाही. आधी ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, पाहा; केवळ क्रिएटिनिनवर (किडनी बाहेर टाकते त्या टाकाऊ पदार्थाच्या रक्तातल्या पातळीवर) ठरवू नका, कारण वय आणि स्नायूंच्या प्रमाणाने एकाच आकड्याचा अर्थ बदलतो. ईजीएफआर ३० च्या वर आणि काच काही ग्रॅमच असेल तर सिलिकॉनची अडचण सहसा येत नाही. ३० च्या खाली असेल आणि पोकळी मोठी असेल, तर ऑर्थोपेडिक सर्जन आणि किडनीचे डॉक्टर यांनी एकमेकांशी बोलून ठरवावं. तिथे विचार फक्त सिलिकॉनचा नसतो: सोडियममुळे सूज किंवा रक्तदाब वाढेल का, पोटॅशियम असलेली काच आहे का (प्रश्न ११) आणि ऑपरेशनभोवतीची औषधं कोणती.

उलट बाजूही पाहा. हाडातल्या संसर्गात पर्याय म्हणून जेंटामायसिन किंवा व्हॅन्कोमायसिन ही अँटिबायोटिक भरलेलं सिमेंट वापरतात. मोठ्या मात्रेत त्यातून औषध रक्तात उतरून किडनीला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. एस५३पी४ ही काच अँटिबायोटिकशिवाय, आजूबाजूचा द्रव अल्कली आणि खारट करून जंतूंना रोखते. किडनी अशक्त असलेल्या रुग्णासाठी हा फायदा ठरू शकतो. शिरेतून द्यायची अँटिबायोटिक मात्र त्यामुळे टळत नाहीत.

८. मी डायलिसिसवर आहे, मग?

किडनी निकामी झालेल्यांच्या रक्तात सिलिकॉनची पातळी इम्प्लांट नसतानाही निरोगी माणसापेक्षा कित्येक पट जास्त असते, कारण बाहेर पडण्याचा मुख्य रस्ता बंद असतो. डायलिसिसमध्ये काही निघून जातं, पण त्यासाठी आरओ यंत्रणा नीट चालली पाहिजे. पाण्यातच सिलिका उरली तर ती उलट रक्तात येते. मोठ्या प्रमाणात विरघळणारी काच भरणं इथे टाळलेलं बरं. रुग्णाचं स्वतःचं हाड किंवा हाडपेढीतलं हाड हे पर्याय आधी पाहावेत. दाताच्या मुळातलं चिमूटभर सिमेंट मात्र चालतं.

९. बोन ग्राफ्टनंतर क्रिएटिनिन वाढलं. काचेमुळेच ना?

पहिल्या आठवड्यात वाढलं असेल तर बहुतेक वेळा कारण दुसरीकडे असतं. या क्रमाने शोधा:

वेदनाशामकं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक, किटोरोलॅक ही औषधं किडनीतला रक्तप्रवाह कमी करतात. सोबत रक्तदाबाची ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ गटातली गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तिघं मिळून किडनीला खाली खेचतात. डिस्चार्जनंतर दुखतंय म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळी कोणाच्या हिशेबातच नसते. ती नक्की सांगा.

उपाशीपणा, रक्तस्राव, उलट्या, कमी पाणी.

जेंटामायसिन, अमिकासिन, व्हॅन्कोमायसिन.

सीटी स्कॅनसाठी शिरेतून दिलेलं काँट्रास्ट औषध.

लघवी अडणं. भूल दिल्यानंतर वयस्कर पुरुषांत प्रोस्टेटमुळे हे होतं आणि कॅथेटर घातल्यावर आकडा उतरतो.

घरी चालू असलेली धातूंची भस्मं किंवा पुडीतली, घटक न लिहिलेली औषधं. काहींत शिसं आणि पारा सापडले आहेत.

हे सगळं तपासल्यावरच काचेकडे या आणि तेव्हाही आधी तिच्यातले इतर घटक पाहा.

१०. सिलिकेटच्या सिमेंटने माणसं दगावल्याचं वाचलं. खरं आहे का?

खरं आहे, पण दोषी सिलिका नव्हती. १९९० च्या दशकात कानामागच्या आणि कवटीच्या शस्त्रक्रियांत ग्लास आयोनोमर प्रकारचं बोन सिमेंट वापरलं गेलं. त्याची काच ॲल्युमिनियमयुक्त सिलिकेटची होती. घट्ट होण्याआधी ते मेंदूभोवतीच्या द्रवाच्या संपर्कात आलं, ॲल्युमिनियम थेट मेंदूपर्यंत पोचलं आणि काही रुग्णांना झटके येऊन मृत्यू आला. फ्रान्समधल्या अशा घटना १९९४ साली वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या.

ॲल्युमिनियम बाहेर टाकण्याचं काम किडनीचंच. १९७० च्या दशकात डायलिसिसच्या पाण्यातल्या ॲल्युमिनियममुळे रुग्णांना मेंदूचा आजार झाला होता, तो याच कारणाने. म्हणून किडनीविकार असेल तर हाडात किंवा कवटीत भरायच्या पदार्थात ॲल्युमिनियम आहे का, हा प्रश्न सिलिकेच्या आधी विचारा. ४५एस५ आणि एस५३पी४ यांच्या सूत्रात ते नाही. दातात भरायचं ग्लास आयोनोमर ही वेगळी गोष्ट: प्रमाण किरकोळ आणि मेंदूभोवतीच्या द्रवाशी संबंध नाही.

११. सगळ्या ‘बायोॲक्टिव्ह’ काचा सारख्याच का?

नाही. १३-९३ नावाच्या काचेत १२ टक्के पोटॅशियम ऑक्साइड आहे, म्हणजे १० ग्रॅममध्ये एक ग्रॅम पोटॅशियम. ते महिन्यांत सुटत असल्याने निरोगी माणसाला काही होत नाही. रक्तातलं पोटॅशियम आधीच ५.५ म्हणजे जास्त असलेल्या रुग्णाने मात्र विचारावं. बोरेट काचेत सिलिकेची जागा बोरॉन घेतं, ती खूप वेगाने विरघळते आणि बोरॉन किडनीवाटेच जातं. ईजीएफआर कमी असेल तर इथे काळजी जास्त घ्यावी. काही भरणांत कॅल्शियम सल्फेट असतं. ते काही आठवड्यांत विरघळतं आणि मोठ्या मात्रेत रक्तातलं कॅल्शियम वाढवल्याच्या नोंदी आहेत.

१२. रूट कॅनालमध्ये एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड ॲग्रीगेट) भरलं आहे. ते सिमेंटच आहे म्हणे!

हो, त्याचं मूळ बांधकामातल्या पोर्टलंड सिमेंटच्या रसायनात आहे: मुख्यतः ट्रायकॅल्शियम आणि डायकॅल्शियम सिलिकेट, सोबत एक्स-रेत दिसण्यासाठी बिस्मथ ऑक्साइड. वैद्यकीय दर्जाच्या मालात जड धातूंवर मर्यादा असते, दुकानातल्या पोत्यात नसते. म्हणून कोणी ‘तेच आहे, स्वस्तात करू’ म्हटलं तर नकार द्या. दातात जाणारं प्रमाण ग्रॅमचा छोटा अंश असतं आणि ते घट्ट झाल्यावर फार कमी सुटतं.

१३. छातीतल्या सिलिकोन इम्प्लांटने किडनी बिघडते का?

कवचातल्या, मंजूर इम्प्लांटने किडनीचा आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही. कवचाच्या रबरात मजबुतीसाठी अस्फटिकी सिलिका असते, पण ती रबरात बांधलेली असते. इम्प्लांट फुटलं तर जेल आसपास आणि काखेतल्या गाठींत जातं. त्याचे त्रास वेगळे आहेत आणि त्यासाठी एमआरआय लागतो.

अपवाद आहे तो पातळ सिलिकोन टोचून घेण्याचा. नितंब किंवा छाती भरण्यासाठी अशी इंजेक्शनं बेकायदा दिली जातात. त्याभोवती शरीर गाठी तयार करतं, त्या गाठी सक्रिय ड जीवनसत्त्व बनवू लागतात, रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि किडनीत कॅल्शियम साचून ती निकामी होऊ शकते. हे वर्षांनंतरही होतं. कधीकाळी असं इंजेक्शन घेतलेल्या माणसाला खूप तहान, बद्धकोष्ठता, गळून जाणं असं होत असेल तर कॅल्शियम आणि क्रिएटिनिन दोन्ही तपासा. डॉक्टरांना इंजेक्शनबद्दल सांगायला लाजू नका; त्याशिवाय निदान महिनोन्‌महिने लांबतं. स्वतःहून कॅल्शियम-ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या तर मुळीच घेऊ नका.

१४. सिलिकेचे नॅनोकण किडनीतून बाहेर पडतात का?

आकारावर ठरतं. साधारण ६ नॅनोमीटरच्या आसपासचे कण गाळणीतून जातात, मोठे यकृत आणि प्लीहेत अडकतात. कॉर्नेल विद्यापीठात बनवलेले असे चमकणारे सिलिका कण न्यूयॉर्कमध्ये त्वचेच्या कर्करोगाच्या पाच रुग्णांत वापरून पाहिले गेले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पहिल्या चाचणीत ते मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडले. हाडात भरायच्या दाण्यांशी याची तुलना होत नाही. ते हजारो पटींनी मोठे असतात आणि जागेवरच राहून विरघळतात.

१५. रक्तातलं सिलिकॉन तपासून घेऊ का?

नको. काचेची नळी, रबरी बूच, लॅबमधली धूळ, सगळ्यांतून नमुन्यात सिलिकॉन मिसळतं आणि आकडा खोटा वाढतो. शिवाय कोणत्या पातळीला इलाज करायचा, याची ठरलेली रेषा नाही. त्याऐवजी ऑपरेशनआधी, डिस्चार्जच्या वेळी आणि तीन महिन्यांनी क्रिएटिनिन-ईजीएफआर करा; आधी आणि तीन महिन्यांनी लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तरही (लघवीतून किती प्रथिन गळतं ते यातून कळतं). ते ३० च्या वर दोनदा आलं, किंवा ईजीएफआर तीन महिने ६० च्या खाली राहिला, तर किडनीच्या डॉक्टरांकडे जा.

१६. ऑपरेशनआधी नेमकं काय विचारू आणि कोणते कागद जपू?

पदार्थाचं पूर्ण नाव, किती ग्रॅम किंवा किती सीसी, त्यात ॲल्युमिनियम, पोटॅशियम, बोरॉन, कॅल्शियम सल्फेट किंवा अँटिबायोटिक आहे का, आणि परवाना क्रमांक. भारतात अशी उपकरणं २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतात. पाकिटावरचा स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या. त्यावर बॅच क्रमांक असतो आणि पुढे काही झालं तर तोच एक धागा उरतो. नंतर मागितलेला स्टिकर सहसा मिळत नाही, म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

त्रास झाल्यास मटेरिओव्हिजिलन्स, म्हणजे वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या त्रासांची नोंद ठेवणाऱ्या कार्यक्रमाकडे तक्रार करता येते. २०१५ साली सुरू झालेला हा कार्यक्रम गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत चालतो. रुग्ण स्वतःही नोंद करू शकतो.

१७. भीती जात नाही. काच काढून टाकू का?

संसर्ग झाला, दाणे जखमेतून बाहेर येऊ लागले किंवा भरण जागचं हललं, तर सर्जन काढतात. किडनीच्या भीतीपोटी काढू नये. काही महिन्यांत हाड काचेत शिरलेलं असतं. काढायचं म्हणजे नवं हाड खरवडायचं, पुन्हा भूल आणि पुन्हा तीच वेदनाशामकं. लघवी अचानक कमी झाली, पायावर-चेहऱ्यावर सूज आली किंवा लघवीला न जिरणारा फेस येत असेल, तर त्याच दिवशी क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीची तपासणी करून घ्या आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या.